सर्वांचे एकमत

सकाळचे साडेनऊ वाजले होते. एका हाताने बाळाला मऊ भात भरवत धाकटी घरूनच, लॅपटॉपवर, ऑफिसच्या बैठकीला बसली होती. घरात ती धाकटी सून. ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणत, कारण छापायला जाणाऱ्या प्रत्येक कागदात तिला काहीतरी खटकायचं. पगार त्याचाच होता म्हणा.

चौघांचा गट. तान्ह्याला ताप आला तर काय करावं, याचं पत्रक नव्या आयांसाठी करायचं होतं. लेखकाने मजकूर कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून लिहून घेतला, चित्रकार मुलीने चित्रं यंत्राकडून काढून घेतली. बैठकीचा सारांशही यंत्रच काढी. साहेबांचा दंडकच होता, सारांशात आहे तेच ठरलं.

"साहेब, एक खटकतंय," धाकटी म्हणाली. "मजकुरातलं चमचाभर हे माप पातळ सिरपचं आहे. चित्रात बाटली मात्र थेंबांच्या औषधाची. ते चौपट कडक असतं. आई चित्र बघून बाटली उचलणार आणि..."

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं.

"आधी छोट्या साहेबांचं ऐका!" साहेब हसले. सगळेच हसले. ओशाळून धाकटीने आपला माइक बंद केला. बाळ शांत होईतो बैठक संपली होती.

सारांश आला. सात मुद्दे. तिचा एकही नाही. सातवा होता, 'पत्रकाबाबत सर्वांचे एकमत झाले.'

तिने तिघांनाही सविस्तर लिहिलं. मिनिटाभरात तिघांची उत्तरं आली, शब्दही जवळजवळ तेच. 'आपण हा महत्त्वाचा मुद्दा निदर्शनास आणून दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपली तळमळ प्रशंसनीय आहे.'

दुपारी तिने चित्रकार मुलीला फोन लावला.

"ताई, खरं सांगू? मी वाचलंच नाही गं. यंत्रालाच सांगितलं, ताईला छानसं उत्तर दे."

"मग आता वाच."

"वाचते. पण माझं चित्र चुकलेलं नाहीये हं. अश्शीच बाटली असते."

मजकूर बरोबर आहे, असं लेखकही म्हणाला. दोघं खोटं बोलत नव्हते. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला मात्र कुणालाच वेळ नव्हता.

"सारांशात नाही ना? मग आता काय उकरून काढतेस?" साहेब वैतागले. "पत्रकं छपाईला गेलीसुद्धा. पुढच्या वेळी घेऊ."

"आणि तोवर?"

"तोवर डॉक्टर असतातच की."

तिने छापखान्याला फोन केला, मग पत्रकं वाटणाऱ्या दवाखान्यांना. "ऑफिसचं पत्र आणा," एवढंच सगळीकडून ऐकू आलं.

"तोंड का उतरलंय गं?" सासूबाईंनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मग तू ओरडली का नाहीस?"

धाकटीने बाळाचे कपडे घडी करायला घेतले. बाळ रडलं याची लाज वाटली होती, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

पंधरा दिवसांनी नणंद आली. कडेवर तीन महिन्यांची लेक, अंग गरम.

"वहिनी, जरा चमचा दे. दवाखान्यात हिला लस टोचून घेतली तेव्हा हा कागद मिळाला होता. येताना बाटलीही आणली, बघ, अगदी चित्रातल्यासारखी."

धाकटीने बाटली तिच्या हातातून ओढूनच घेतली.

"अगं, काय करतेस?"

"थांब. आधी डॉक्टरांना फोन लाव."

तिने पेन काढून पत्रकावरची चमचाभराची ओळ खोडली. कागद फाटेपर्यंत खोडली.

"छापील आहे ते, वहिनी! चौघांनी मिळून केलंय. खाली बघ की, तपासणी म्हणून तुझंच नाव आहे."

सासूबाईंनी नातीला जवळ घेतलं. "असे किती कागद वाटलेत गं?"

धाकटीला आकडा ठाऊक होता.

हा एक कागद खोडला गेला. बाकीचे कुठे कपाटाच्या दारावर, कुठे उशाखाली, आयांनी जपून ठेवले आहेत. खाली चौघांची नावं आहेत. त्या चौघांपैकी आपण कोण, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.