बरी आहे

थोरलीने तोंडातला घोट बादलीत थुंकला आणि पेला उपडा करून ठेवला.

"नाही?" गोदामवाल्याने विचारलं.

"ही वाइन आहे की जांभळी शाई?"

"या भावात शाईसुद्धा मिळत नाही, ताई," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसला.

तिला हसू आलं नाही. सकाळपासून ती भटकत होती. जिभेवर जाड साय धरल्यासारखं झालं होतं आणि पोटात कावळे ओरडत होते. एका ठिकाणी साखरपाण्याला रंग दिल्यासारखा प्रकार होता. दुसरीकडे वाइन खरोखर चांगली निघाली, पण भाव ऐकून ती नुसतं "बघते" म्हणून बाहेर पडली होती. त्यांच्या धंद्यात "बघते" म्हणजे "नको", हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून वाइनचं एक लहानसं दुकान चालवत होते. एका अंगाला चष्मेवाला, दुसऱ्या अंगाला चाव्या करून देणारा, आणि मध्ये हे दोघं. फार पैसा नसलेल्या माणसालाही सुट्टीच्या दिवशी जेवताना एक चांगला पेला मिळावा, एवढीच थोरलीची कल्पना होती. तेवढ्यासाठी ती कुठकुठले मळे पालथे घालायची, अडगळीतली पिंपं हुडकून काढायची. तिने आणलेली बाटली लोक डोळे मिटून घेत.

मग समोरच्या बाजूला मोठं दुकान उघडलं. आपोआप सरकणारी दारं, थंड हवा, एकीवर एक बाटली फुकट. थोरलीची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडून गेली. कुणी भांडून गेलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं. ती माणसं मान खाली घालून, पिशवी पलीकडच्या हातात धरून समोरून निघून जात.

"ताई, गाशा गुंडाळू या आता," धाकटा म्हणाला होता. "अब्रूने गुंडाळता येतोय तोवर."

"एक वाइन मिळू दे. एकच. चांगली, आणि त्यांच्या भावाला पुरून उरेल अशी. नाही मिळाली तर तू म्हणशील तसं."

त्याने वाद घातला नव्हता. तो हल्ली वाद घालत नसे, याचीच तिला जास्त धास्ती वाटे.

"मास्तरांकडे जाऊन बघा की," गोदामवाला बादली पायाने सरकवत म्हणाला.

"कोण मास्तर?"

"शाळेत शिकवायचे. मग द्राक्षांचं वेड लागलं, नोकरीला रामराम ठोकला. टेकडीच्या पलीकडे निळं फाटक आहे. घरचे सगळा माल काढून टाकतायत. मिळेल त्या भावात."

"का बरं?"

पण त्याचा फोन वाजला. त्याने तिला हातानेच थांबायची खूण केली आणि पाठ फिरवून कुणाशी तरी हुज्जत घालू लागला. ती थांबली नाही.

निळ्या फाटकातून आत शिरताना तिने आधी वेली पाहिल्या. कुणी छाटल्याच नव्हत्या. वाट फुटेल तिकडे पसरून त्या एकमेकींत गुंतल्या होत्या, तारा लोंबत होत्या. आळशी माणसं दिसतायत, असं तिच्या मनात आलं. आळशी माणसं भावाला चिकटून बसत नाहीत, हेही आलं.

घरातून एक बाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. साधारण तिच्याच वयाची असावी.

"मास्तर आहेत का?"

"नाहीत. वाइन बघायला आलात ना? या."

शेड मोठी आणि स्वच्छ होती. भिंतीला लागून स्टीलच्या दोन उंच टाक्या उभ्या होत्या. मागे सिमेंटची एक जुनी रुंद टाकी होती. तिच्या तोंडावर फळ्या ठोकलेल्या होत्या, वर दगडही ठेवले होते. दाराशी दुसरी एक बाई फाटक्या चादरीला ठिगळ लावत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माझी जाऊ," पहिली म्हणाली.

थोरलीने मान तुकवली. दोरा तुटल्याचा बारीक आवाज झाला, तेवढंच उत्तर.

बाईने टाकीची तोटी जराशी सोडून पेल्यात वाइन घेतली. तिच्या हाताला त्याची सवय नव्हती. थोडी जमिनीवर सांडली. थोरलीने पेला उजेडाकडे धरला, फिरवला, नाकाशी नेला, आणि पुन्हा एकदा नेला. मग घोट घेतला.

आधी काळं, पिकून फुटायला आलेलं फळ आलं. त्याच्या मागून काहीतरी गार, पावसात भिजलेल्या दगडासारखं. आणि मग, घोट संपायला हवा होता तिथे, तो संपेना. एखाद्याने सावकाश बोलत राहावं आणि मध्ये तोंड घालू नये असं वाटावं, तसा तो तिच्या तोंडात बोलत राहिला. थुंकायला बादली पुढे होती. ती थुंकली नाही.

इतक्या वर्षांत तिचा चेहरा तयार झाला होता. भाव ठरेपर्यंत त्याच्यावर काही उमटत नसे. भुवई नाही, ओठ नाही. शिकावं लागलं होतं, पण आता ती श्वास घ्यावा तसं ते करायची.

"बरी आहे," ती म्हणाली.

बाई तिच्या तोंडाकडे बघत होती. "बरी."

"हं. रोजच्या जेवणाबरोबर खपून जाईल. शेवटी जरा कच्चट लागते, पण ठीक. बरी आहे."

मग तिने भाव सांगितला. मनात धरला होता त्याच्या निम्माच सांगितला, म्हणजे ओढाताण होऊन मध्यावर यायला जागा राहते. ती ओढाताणीच्या तयारीने उभी राहिली.

"चालेल," बाई म्हणाली. "दोन्ही टाक्या न्या."

दाराशी बसलेली उठली. तिने चादरीची घडी केली, सुई तिच्यात खोचली आणि पहिल्यांदाच बोलली.

"झालं तुझं समाधान? वर्षभर म्हणतेय, ओतून टाक म्हणून."

ती घरात निघून गेली. दार आपटलं नाही. हलकेच लावून घेतलं.

थोरलीला काही उमगेना. "काही चुकलं का माझं, वहिनी?"

"छे हो. तुमचं काय चुकायचं?" बाईने टाकीच्या कडेला हात टेकला. "गेल्या हंगामात गेले. हे आणि माझे दीर, दोघंही. त्या मागच्या टाकीत. रस सगळा काढून झाला होता, तळाशी नुसती सालं उरली होती. ती उपसायला हे आत उतरले. फळ आंबताना विषारी वायू साचतो, खाली बसून राहतो. दिसत नाही, वास नाही. ह्यांनीच सगळ्यांना बजावलेलं, वारा घातल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. पण त्या दिवशी भान नव्हतं त्यांना. रस चाखला आणि इथूनच मला हाक मारली. अगं ये, चाखून बघ, या खेपेला जमली. मी म्हटलं, हातातलं संपवून येते."

थोरलीने पेला खाली ठेवला.

"मी आले तेव्हा दीर त्यांना ओढून काढायला उतरले होते. ते पण वर आले नाहीत."

बाहेर कुठेतरी सुटलेली तार वाऱ्याने खांबावर वाजत होती.

"जाऊ एकच विचारते. कशापायी गेले दोघं? मी म्हणायचे, जमली होती, त्यांनी स्वतः सांगितलं होतं. ती म्हणायची, ते दर वर्षी तेच सांगायचे. ते काही खोटं नाही. आम्हाला दोघींना यातलं ओ का ठो कळत नाही. आंबट लागतं, एवढं कळतं. घ्यायला माणसं येतात, पण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कुणी पेला तोंडाला लावत नाही, आणि कुणी लावलाच तर रडवेला चेहरा करून वा वा म्हणतो. म्हणून म्हटलं, ज्याला आमचं काही ठाऊक नाही असं जाणतं माणूस कधी आलं, तर त्याच्या तोंडून ऐकायचं. बरं झालं, तुम्ही खरं ते सांगितलंत."

"वहिनी." थोरली एक पाऊल पुढे आली. "ऐका. मी भाव पाडायला तसं म्हटलं. धंद्यात असंच म्हणायचं असतं. ही फार चांगली वाइन आहे. इतकी चांगली मी कित्येक वर्षांत चाखलेली नाही."

बाईने तिच्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन तिच्या दंडावर हात ठेवला, रडणाऱ्या पोराची समजूत घालावी तसा.

"नका, ताई."

"खरंच सांगतेय मी."

"मघाशीही खरंच सांगत होतात ना."

"कच्चट नाही ती! तसं काहीच नाही तिच्यात. तुमच्या मास्तरांना बरोबर कळलं होतं. जमली होती." आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू येत होतं, आणि चढलेला आवाज किती खोटा वाटतो हेही. "मी दुप्पट देते. तिप्पट देते."

"बघा," बाई मऊपणाने म्हणाली. "ऐकण्याआधी निम्म्याने मागितलीत. ऐकल्यावर तिप्पट देताय. मनाने फार चांगल्या आहात तुम्ही."

वर्षानुवर्षं जो चेहरा थोरलीने दाबून ठेवला होता तो आता सगळा उघडा पडला होता. डोळे वाहत होते, ओठ थरथरत होते, आणि त्याचाच काही उपयोग नव्हता. या शेडमध्ये असे चेहरे आधीही पुष्कळ येऊन गेले होते.

"निदान थोड्या बाटल्या घरी ठेवा," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यासाठी."

"बरी वाइन ठेवून काय करू?" बाईने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. घरात जास्तीचं एक भांडं निघालं तर माणूस विचारेल, तसं तिने विचारलं. मग जरा काळजीने म्हणाली, "नेणार ना पण? नाहीतर माझी जाऊ ओतून टाकेल हो. मला ते बघवणार नाही."

"नेते," थोरली म्हणाली.

आधी ठरलेल्या भावापेक्षा एक पैही जास्त बाईने घेतली नाही.

दुकानात धाकट्याने कंटाळलेल्या हाताने पेला उचलला. घोट घेतला आणि तो उभाच राहिला. मग काउंटरला वळसा घालून आला आणि त्याने बहिणीला मिठीच मारली. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"कुठून पैदा केलीस? आणि या भावात? ताई, त्या लोकांना कळलं नाही वाटतं, आपण काय विकतोय ते?"

"नाही," ती म्हणाली. "नाही कळलं."

वाइन चालली. आधी चष्मेवाल्याने दोन बाटल्या नेल्या, मग त्याच्या मेव्हण्याने पेटीच नेली. हळूहळू रस्ता ओलांडून गेलेली माणसं परत ओलांडून येऊ लागली, जरा ओशाळून, कुणी हवापाण्याच्या गप्पा मारत. धाकट्याने दिवे बदलले, दाराला रंग दिला. समोरच्या दुकानाचा एक साहेब मुकाट्याने एक बाटली विकत घेऊन गेला, तेव्हा तर धाकट्याने चावीवाल्याला बोलावून ती गंमत तिखटमीठ लावून सांगितली.

थोरलीने एकदा निळ्या फाटकाच्या घरी फोन केला.

"वहिनी, लोक फार वाखाणतायत हो. रोज कुणी ना कुणी विचारतं, कुणाची म्हणून."

"हो का?" पलीकडून आवाज आला. "छान झालं. तुमचं दुकान चालू दे." मग बाई म्हणाली, "तुम्ही अजून आठवण ठेवून फोन करता, ताई. कोण करतं एवढं?"

त्यानंतर तिने फोन केला नाही.

टाक्यांचा तळ दिसू लागला, शेवटच्या पेट्या उरल्या. एक दिवस संध्याकाळच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी एकच बाटली घेतली आणि जायच्या ऐवजी काउंटरपाशी घुटमळले. मागची माणसं खोळंबली.

"बाई, मी काही यातला जाणकार नाही," ते म्हणाले. "पण काल आम्ही दोघं जेवायला बसलो, आणि माझी बायको घोट घेऊन बोलायचीच थांबली. मला वाटलं, काही दुखतंय का. तर म्हणाली, थांबा, अजून संपला नाही. ज्यांनी ही केली ना, त्यांना सांगा हं तुम्ही. सांगाल?"

"सांगेन," थोरली म्हणाली.

"नक्की हं. अशी माणसं असतात, त्यांना कुणी काही सांगतच नाही."

"हो," ती म्हणाली, बाटलीभोवती कागद गुंडाळला आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"