टोपीच्या फितीत

"टोपी काढ, एफी."

"टोपीत काय असणार गं, नॅन? डोकं आहे, तेही दुखतंय."

रांगेतल्या बायका हसल्या. नॅन हसली नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या सुरुंगाच्या कारखान्यात फाटकावर बायकांची झडती घेणं हे तिचं काम, आणि आज साहेब तिच्या मागेच उभे होते. तिने टोपीच्या आतली फीत उलटली. नखाएवढा ओशट लेप निघाला.

सगळ्याच जुन्या बायका तो नेत. सहा दिवस उघड्या हातांनी नायट्रोग्लिसरिन या स्फोटक तेलाचा लगदा कागदी नळ्यांत भरायचा. त्याने हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद होत. त्या तेलातून अंगात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि तोच हे करतो, हे पुष्कळ पुढे कळलं. बायकांना एवढंच कळत होतं की रविवारी घरी बसलं की छाती आवळते. चिमूटभर फितीला लावलं की रविवार निभतो. नॅनलाही ते ठाऊक होतं. वीस वर्षं तिची बोटं फितीपाशी येऊन मागे फिरत होती.

"नोकरीवरून काढा साहेब, पण झाडायला तरी आत ठेवा," एफी म्हणाली. "हे मिळालं नाही तर मी मरेन."

"डॉक्टरांनी तुला चहा कमी करायला सांगितलंय ना?" साहेब म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या खिशात छातीसाठीच्या गोळ्यांची डबी असे. त्या गोळ्यांतही हेच होतं.

एफी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. तिला त्याच दिवशी काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी छातीतलं दुखणं डाव्या हातात उतरलं. त्या संध्याकाळी ती भिंत धरत धरत फाटकाशी आली आणि सुटून येणाऱ्या बायकांच्या वाटेत उभी राहिली. त्यांतल्या बेसीने आपली ओढणी तिच्या तोंडाशी धरली.

"हुंग गं बाई. माझ्या नवऱ्यानं इतक्या मायेनं कधी हुंगलं नाही मला."

कपड्यांत मुरलेली वाफ तेवढी मिळायची. हात हलका व्हायचा. मग ती रोज यायची, आणि बायका पाळीपाळीने थांबायच्या. काही कंटाळल्या. "आता आमची गळाभेट घेतल्याशिवाय हिला जेवण जात नाही," असं कुणीतरी म्हणालं, तेही तिला ऐकू जाईल असं.

जुलैत जत्रेची सुट्टी लागली. दहा दिवस कारखाना बंद. बायका पोराबाळांना घेऊन आगगाडीने गेल्या. बेसी जाताना ओढणी ठेवून जाणार होती, पण गडबडीत विसरली.

सुट्टीच्या चौथ्या दिवशी नॅन कुलूप बघायला आली, तर एफी फाटकाला पाठ लावून जमिनीवर बसलेली. ओठ निळे पडलेले.

"आज कुणी नाही गं सुटायचं."

"माहितीये. बसते जरा."

"एफी, साहेब मागे उभे होते. मी काय करणार होते?"

"तू हात धुऊन काम करणारी. तुझ्या कपड्यांत काही नसायचंच."

नॅनने आपली शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली. एफीने लगेच तिचं टोक दोन्ही हातांनी नाकाशी दाबलं आणि खोल श्वास घेतला. मग आणखी एक.

शाल सकाळीच धुतलेली होती. साबणाचा वास येत होता.