सूचीत न आलेलं गाणं

‘माझी गं साळुंकी, पंख तिचे ओले,
हळू चाल वाऱ्या, नीज डोळां डोले...’

आईचा तो आवाज भिंतीपलीकडून यायचा. भिंतीच्या अलीकडे थोरली बहीण भांडी विसळत असायची आणि नळ बारीक करून ऐकायची. पलीकडे आईच्या मांडीवर धाकटी असायची. पुढे आई गेली, ते घरही गेलं. नळ बारीक करायची सवय तेवढी थोरलीच्या हाताला राहिली.

आता ती एका प्रकाशनात ग्रंथांच्या शेवटी येणारी सूची करते. भाषा, संस्कृती, सिनेमा, मालिका यांवरचे जाडजूड अभ्यासग्रंथ. कोणतं नाव, कोणता विषय कुठल्या पानावर, हे लावून द्यायचं तिचं काम. अभ्यासक ग्रंथ मागूनच उघडतात. सूचीत जे नाही ते त्यांच्या लेखी ग्रंथातही नाही.

या खेपेला तिच्या टेबलावर धाकटीच्याच ग्रंथाची मुद्रितं, छपाईआधी तपासायची पानं, आली. अंगाई घरातून निघून जाहिरातीत कशी जाऊन बसली, यावरचा ग्रंथ. घरचंच काम, तुमच्याशिवाय कोण करणार, असं प्रकाशक कौतुकानं म्हणाले. थोरली हसली. धाकटीच्या पदव्या, धाकटीची भाषणं, सगळं तिनं असंच हसून गिळलं होतं. पण तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आलं आणि घास अडकला. ‘आई हे गाणं आम्हा दोघी बहिणींना म्हणायची.’

थोरलीनं सूची पुरी केली. साबण आला, पावडर आली, पाळण्याचे प्रकारसुद्धा आले. गाणं आलं नाही.

ग्रंथ छपाईला जायच्या दिवशी सकाळीच धाकटी सूचीचे कागद घेऊन हजर.

“ताई, साबणाला चार पानं दिलीस आणि आईच्या गाण्याला एक नाही? अख्खा ग्रंथ त्याच्यावर उभा आहे.”

राहून गेलं असेल, असं थोरली पुटपुटली.

“तुझ्या हातून? तुझ्या नजरेतून साधा स्वल्पविराम सुटत नाही.” धाकटी खुर्ची ओढून बसली आणि थट्टेनं म्हणाली, “जळतेस की काय माझ्यावर?”

थोरलीनं वर पाहिलं. आईचंच कपाळ, आईच्याच भुवया. तेही हिच्याच वाट्याला आलेलं. सूचीत एक ओळ घातली असती तर विषय मिटला असता. पेन तिनं उचललंही. मग टोपण लावून बाजूला ठेवलं.

“जळते,” ती म्हणाली.

धाकटीचं हसू ओठांवरच राहिलं.

“गाणं घालते मी सूचीत. पण आधी तुझं वाक्य बदल. दोघींना नव्हती म्हणत. तुला म्हणायची, तुला एकटीला. माझ्यासाठी आई कधीच गायली नाही गं.”