गल्लीचं दुसरं टोक

"दार आहे हे? यातून मांजर तरी जाईल का?"

सिस्टरनं स्टीलची पट्टी टेबलावरच्या गल्लीच्या छोट्या मॉडेलमध्ये पार आत घालून शेवटच्या दुकानाला लावली होती. आवाज असा चढला होता की शेजारच्या टेबलावरच्यांनी कात्र्या खाली ठेवल्या आणि फुकटचा तमाशा बघत बसले.

"लांबचं आहे ते," पडदा म्हणाला. "लांबचं लहानच दिसतं."

"दिसतं रे, दिसतं! पण हे मॉडेल आहे, मापात पाहिजे. पहिल्या दुकानाचं दार माणसाएवढं आणि शेवटच्याचं गुडघ्याएवढं? तिथली माणसं काय रांगत जातात घरात?"

"आवाज खाली कर."

"नाही करत जा! आठवडाभर माझं लेकरू तापानं फणफणलं होतं म्हणून मी आले नाही. म्हटलं, पडद्याचा हात चोख आहे, त्याच्यावर सोडू. आणि तू हे करून ठेवलंस! जेवणानंतर ज्युरी आहे आपली, परीक्षक येणारेत, कळतंय का?"

कळत होतं. न कळायला तो काय दुधखुळा होता? चाळिशी उलटलेला माणूस.

पडदा हे काही त्याचं नाव नव्हतं. शहर नियोजनाचा हा पदव्युत्तर वर्ग ज्यांनी आधी आयुष्यात भलतंच काहीतरी केलंय अशांसाठी काढलेला. कुणी बँकेतून आलेलं, कुणी औषधं विकणारं. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकमेकांना जुन्या धंद्यावरून हाका मारायला सुरुवात केली, ती नावं कायमची चिकटली. सिस्टर इस्पितळात अख्खा वॉर्ड धाकात ठेवून आलेली. आणि हा नाटकाचं नेपथ्य करायचा, म्हणून पडदा. लाकूड, कापड, रंग, खिळे यांत अर्धं आयुष्य गेलं. मग नाटकवाल्यांनी मागे एलईडीची भिंत लावली. बटण दाबलं की राजवाडा, बटण दाबलं की जंगल. ह्याचे राजवाडे गोदामात वाळवी खात बसले.

बायकोनं सरळ सांगितलं होतं, "एक सत्र बघ. जमलं तर पुढेही घर मी चालवते. नाही जमलं तर गुमान माझ्या भावाच्या दुकानात जायचं." भावाचं दुकान फॉल्स सीलिंगचं. तिथे दिवसभर मान वर करून लोकांच्या छताला खोटं छत लावायचं. आणि नियम असा की पहिल्या सत्राचा स्टुडिओ, म्हणजे हे मॉडेलचं काम, नापास, तर वर्गातली जागाच गेली. म्हणजे आज दुपारी एक तर शहर, नाहीतर सीलिंग.

आणि मॉडेल चुकलेलं होतं. सिस्टरची पट्टी खोटं कशाला बोलेल?

त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, हीच तर गोची होती. रंगमंचाला खोली असते ती किती? चार पावलं मागे गेलं की भिंत. तेवढ्यात लांबलचक रस्ता दाखवायचा तर मागची घरं लहान करत न्यायची, रस्ता निमुळता करायचा. खुर्चीत बसलेल्याला वाटतं, अरे वा, केवढा रस्ता! ह्याच्या हाताला तीच सवय. हातानं केलं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. आणि मॉडेल दिसत होतं तर असलं झकास की येणारा-जाणारा थांबून बघायचा. रंग उडालेली शटरं, पाट्या, वायरींची जाळी. फक्त माप सोडून सगळं खरं.

"अख्खी गल्ली नव्यानं करायला लागणार," सिस्टर म्हणाली. "दोन तासात. वा!"

"मग कर तूच!" त्यानं कटर टेबलावर आपटला. "तुला सगळं येतं ना? कर!"

आणि तरातरा बाहेर पडला.

रागात माणूस कुठं जातो? पाय नेतील तिथं. ह्याचे पाय त्या गल्लीतच गेले, संस्थेपासून हाकेच्या अंतरावर होती. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी तो रोजचा विजेचा खांब. सत्रभर त्याला टेकून ह्यानं फोटो काढले, चित्रं काढली. आज मात्र उभं राहवेना. तो आत चालत सुटला.

पहिली दुकानं ऐटबाज, काचेची. मग शटरवाली. मग शटरही नाही, नुसती फळकुटं. एका खिडकीत धुतलेले बूट जिभा बाहेर काढून वाळत होते. एका पायरीचा मधला भाग झिजून बशीसारखा झालेला. जमिनीवर हातगाड्यांच्या चाकांचे चरे. पाण्याचे मीटर एकाच भिंतीवर दाटीवाटीनं बसलेले, आणि त्यांच्यावर कुणीतरी खडूनं गाल आणि मिशा काढलेल्या. एवढं सगळं होतं इथं? मॉडेलमध्ये इथं त्यानं करड्या रंगाचे दोन फटकारे मारले होते.

शेवटी लाँड्री. दारात एक जाडजूड बाई चादरीची घडी घालत होती.

"काय हो, चुकलात का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग इकडे कसे? तुम्ही तर त्या खांबाला टेकलेले असता. आम्ही म्हटलं, खांबाचाच सर्व्हे आहे वाटतं. पडतो का काय म्हणून धरून उभे आहात."

आतून कोणीतरी फिसकन हसलं. पडद्यालाही हसू आलं, राग होता तरी.

"तुमचं दार मोजू का?"

"मोजा की. ते काय पळून चाललंय?"

त्यानं हात वर केला. चौकट हाताच्याही वर होती. मागे वळून बघितलं, तर मोठा रस्ता लांब कुठंतरी, काडेपेटीएवढा. त्यातून एक बस गेली ती नखाएवढी. त्या टोकाच्या ज्या पाट्यांची अक्षरं रंगवण्यात ह्यानं तीन दिवस घातले होते, त्यातलं एकही अक्षर इथून वाचता येत नव्हतं.

आणि त्याला एकदम आठवलं. नाटकात एक कडक नियम असायचा. रस्त्याचा देखावा असला की नटांनी मागच्या घरांजवळ जायचं नाही. गेला तर तो घरापेक्षा उंच दिसतो, सगळं बिंग फुटतं. एकदा एक नवखा पोरगा भूमिकेत तल्लीन होऊन मागे गेला, कौलाला कोपर टेकवलं, आणि नाट्यगृहात हशा पिकला. तेव्हा ह्यानंच त्याला विंगेत फैलावर घेतलं होतं. म्हणजे आयुष्यभर ह्यानं जेवढे रस्ते केले, त्या सगळ्यांच्या शेवटी माणसांना जायला बंदी होती.

इथं तर माणसं राहत होती!

"अहो, काय झालं? बसता का?" बाई म्हणाली. "पाणी देऊ?"

"नको. परत येतो," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच सुटला.

स्टुडिओत सिस्टर एकटी टेबलापाशी होती. राग उतरला होता, तोंड सुकलं होतं.

"ऐक," ती हळू आवाजात म्हणाली. "मी विचार केला. टेबल भिंतीला लावू. मागचा दिवा घालवू. शेवटच्या घरांवर अंधार पडला की कुणाला कळतंय?"

"बघ! शेवटी तूही नेपथ्यच करायला लागलीस."

"मग काय करू? तू गेलास पाय लावून पळून!"

"कटर दे."

"कुणाच्या पोटात घालतोस?"

"लाँड्रीच्या."

त्यानं शेवटचं दुकान मुळासकट कापून काढलं. मग तिथंच, त्याच जागी, खऱ्या मापाची लाँड्री बांधायला घेतली. अख्खी गल्ली करायला वेळ नव्हता, पण एक घर होत होतं. सिस्टरनं आधी डोक्यावर हात मारला, मग मुकाट चिमटा उचलला. टाके घालणाऱ्या बाईचे हात ते. कोपरे असे धरले की केसभरही हलले नाहीत.

झाल्यावर दोघं मागे सरून बघत राहिले. भयंकर दिसत होतं. ठेंगण्या घरांच्या रांगेत ती एकच लाँड्री ताडमाड, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत उभ्या उंच मामासारखी.

"मेलो आपण," सिस्टर म्हणाली.

तेवढ्यात ज्युरी आलीच. स्टुडिओच्या मॅडम आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. हे परीक्षक खुर्चीत बसले की उठत नाहीत अशी त्यांची ख्याती. ते बसले. बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

"हे काय आहे? प्रमाण साफ चुकलंय. ते शेवटचं घर बघा केवढं!"

"सर, ते एकच बरोबर आहे," पडदा म्हणाला. "बाकी सगळं चुकलंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. सिस्टरनं डोळे मिटले.

मग तो बोलत गेला. नाटकातल्या रस्त्याचं सांगितलं, खांबाचं सांगितलं, कौलाला टेकलेल्या पोराचंही. "मी ही गल्ली तुमच्या खुर्चीसाठी केली, सर. इथं बसून बघितलं तर फार छान दिसते. पण त्या टोकाला जो राहतो, त्याचं दार मी गुडघ्याएवढं केलं. रुंदी पण तिकडे चोरली. आग लागली तर बंब माझ्या गल्लीत शिरणार नाही, खऱ्या गल्लीत कदाचित शिरेल. मला माहीत नाही. मी तिकडे आज पहिल्यांदा गेलो."

मग परीक्षक उठले! टेबलाला वळसा घालून मागे गेले, गुडघे कडकड वाजवत वाकले आणि लाँड्रीच्या मागून मोठ्या रस्त्याकडे बघायला लागले.

"हातगाडी इथं वळते कुठं?"

"माहीत नाही, सर."

"इथं राहतं कोण कोण?"

"ते मला माहीत आहे," सिस्टर पटकन म्हणाली. घरोघर फिरून माहिती गोळा करायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिनं घराघरातल्या माणसांची अशी जंत्री सुरू केली की मॅडमना तिला थांबवावं लागलं.

परीक्षक कंबर धरून उभे राहिले. मॅडमच्या कानाशी लागले. मॅडमनी मान हलवली, परत हलवली, मग पेनाचं टोपण लावलं.

"पास केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नापासही केलेलं नाही. सोमवारी मला अख्खी गल्ली पाहिजे, खऱ्या मापात, दोन्ही टोकांनी. तोवर तुमच्या जागा कुणाला देत नाही. आणि हे घर उपटू नका. बाकीची त्याच्या मापानं करा."

दार बंद झाल्याबरोबर सिस्टरनं त्याच्या दंडावर असा फटका मारला की आई आठवली.

"बाकी सगळं चुकलंय म्हणे! माझी घरोघरची माहिती पण चुकली का रे? मी उन्हात वणवण फिरले ती?"

"नाही गं."

"मग तसं म्हणायचं ना! सगळ्यांदेखत माझं..."

"भांड. सोमवारनंतर मनसोक्त भांड, मी पाणी पण आणून देतो." त्यानं टेप खिशात कोंबली, पॅड काखेत मारलं. "हातगाड्या परत यायची वेळ झाली. त्या कुठं वळतात ते बघायचंय. मला निघायलाच हवं आता."