तळघरातला गुरुवार

"तो खालचा आवाज कुणाचा आहे?" आमच्या नव्या ड्रमरने, लेम्पीने, हेडफोन काढत विचारलं. "बाटलीत मधमाशी अडकल्यासारखा. अख्ख्या रेकॉर्डभर आहे."

वीस वर्षांपूर्वीची आमची पहिली रेकॉर्ड लावली होती.

"ताइस्तो," इल्मो म्हणाला, आणि त्याने रेकॉर्ड थांबवली.

"वारला का?"

"नाही गं. इथेच आहे, तांपेरेत," मी म्हणाले.

"मग कार्यक्रमासाठी टेपवरून उचलू तो आवाज. यंत्रात घालून बटणावर आणू," इल्मो म्हणाला. "परवानगी तेवढी घ्यावी लागेल. तुइया, तू जा. तुझं त्याच्याशी जमायचं."

ताइस्तो अंमुरी भागातल्या एका पाच मजली इमारतीचा केअरटेकर. बर्फ उपसणं, दिवे बदलणं, धुण्याच्या खोलीची कुलपं. तळघरातल्या बॉम्बनिवाऱ्याची किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून आम्ही पोरं त्याच्याकडे गेलो. वाजवता कुणालाच येत नव्हतं. खेळण्यातल्या बासऱ्या, बिस्किटांचे डबे, एक करवत. नियम एकच: कुणी कुणाला बोलवायचं नाही आणि कुणी कुणाला घालवायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी सहाला लोखंडी दार उघडं, येईल तो वाजवेल. गुरुवारी आमचा सगळा देश वाटाण्याचं सूप खातो, म्हणून ताइस्तो मोठं पातेलं भरून आणायचा. दुसऱ्याच आठवड्यात तो स्वतः कोरलेलं पाच तारांचं कांतेले मांडीवर घेऊन आमच्यात बसला. त्यावर तो तीनच सूर वाजवायचा, तासन् तास.

"चौथा कधी?" इल्मो डिवचायचा.

"हे तीन नीट जमले की."

त्या तीन सुरांवर आम्ही काय वाटेल ते करत सुटायचो. घरी परतायला वाट आहे म्हटलं की माणूस रानात बिनधास्त भटकतो, तसं होतं ते.

मग परदेशातल्या एका रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं, तिने काढलेली आमची पहिली रेकॉर्ड हातोहात संपली. गिटार आल्या, ड्रम आले, मागोमाग बटणांची यंत्रं आली. आमच्या गाण्यांना सुरुवात आणि शेवट आला. ते तीन सूर आता पायात यायला लागले, पण तसं त्याला कुणी म्हटलं नाही. सात वर्षांपूर्वी आम्ही जुन्या गिरणीत हॉल घेतला आणि वार मंगळवार ठरवला. इल्मोला वाटलं ताइस्तोला मी सांगितलं असेल, मला वाटलं इल्मोने. तो आला नाही, तेव्हा कंटाळला असेल, कशाला त्रास द्या, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. आमच्याकडे माणसाला त्रास न देणं हा मोठा मान. त्या मानापायी शेजारी मरून पडला तरी आम्ही दार वाजवणार नाही.

परवानगी मागायला मी गुरुवारीच गेले. दार उघडं होतं. भाडेकरूंच्या स्की आणि सायकलींच्या मधे तो कांतेले घेऊन बसला होता. डोक्यावरचे केस गेले होते.

"उशीर केलास," तो म्हणाला.

सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सात वर्षांबद्दल तो काही बोलला नाही.

त्याने मला सूप वाढलं, ताटलीच्या काठाला वाटलेली मोहरी लावली. पातेलं तेच, काठोकाठ भरलेलं.

"एवढं कोण खातं?"

"मीच. बुधवारपर्यंत पुरतं." मग दाराकडे बघत म्हणाला, "बाकीचे गाडी लावतायत का?"

मी चमचा खाली ठेवला. "मी एकटीच आलेय. ताइस्तो, विसाव्या वर्षाचा कार्यक्रम आहे. तुझा आवाज हवाय."

त्याने पँटला हात पुसले. परत पुसले. "कुठल्या पट्टीत?" असं विचारून तो खुंटी पिळायलाही लागला. मी त्याला तेव्हाच थांबवायला हवं होतं. दोन तारा लागल्यावर माझं तोंड उघडलं.

"टेपवरचा, ताइस्तो. यंत्रातून वाजेल. तुझी फक्त परवानगी."

खुंटीवरचा हात थांबला. मग त्याने ती तार नीट लावूनच घेतली.

"घ्या की," तो म्हणाला. "टेप बरी. तिला सूप लागत नाही."

तो हसला म्हणून मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

निघताना तो म्हणाला, "त्या टेपवर मधली तार उतरलीय. तेवढं इल्मोला सांग. कार्यक्रम कधी?"

"सव्वीसला. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते तुझी."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून पाहिलं.

"गुरुवार," तो म्हणाला. "मग मला नाही जमायचं."

सव्वीसला हॉल भरला होता, पहिल्या रांगेतली ती एक खुर्ची सोडून. लेम्पीने बटण दाबलं आणि तीन सूर आले. मधला किंचित उतरलेला. इल्मोने तो तसाच ठेवला होता, म्हणे जुनेपणा वाटतो. लोकांनी डोळे मिटले. साडेसहा वाजले होते. अंमुरीतलं लोखंडी दार अजून उघडंच असणार. माझी जागा आली आणि मी ठरल्याप्रमाणे बासरी वाजवली.