दिवे व पंखे बंद करावेत

आमच्या बँडचा पहिला अल्बम चालला तो माझ्या आवाजामुळे, हे मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी मलाही पटलं. बँडमध्ये आम्ही तिघं. धाकटी, म्हणजे माझी पाठची बहीण, ड्रम वाजवते. एरवी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिचा नवरा, आमचे दाजी, बेस गिटार वाजवतात आणि बोलत नाहीत. मी गिटार वाजवतो, गातो, गाणी लिहितो आणि दाजींच्या वाटचंही बोलतो. दिवसा फरशांच्या शोरूममध्ये असतो, पण ते मी मुलाखतीत सांगत नाही.

दुसऱ्या अल्बमला माझं लिहिणं अडलं. अकरा महिन्यांत सात वह्या झाल्या. प्रत्येक वहीचं पहिलं पान सुरेख अक्षरात, पुढची कोरी. चाली मात्र तयार होत्या, त्या दाजींनी गुपचूप करून ठेवल्या होत्या. शोरूममधून सुटून स्टुडिओत पोचायला मला रोज उशीर व्हायचा. तोवर ही दोघं साथ वाजवून घ्यायची, आणि मग गाणं कुठे येतं ते कळावं म्हणून धाकटी कच्चा आवाज भरून ठेवायची. त्याला गाइड म्हणतात. खरा गायक आला की गाइड पुसायचा. शब्दच नसल्यामुळे ती समोरच्या भिंतीवरची सूचना गायची: ‘बाहेर जाताना दिवे व पंखे बंद करावेत. खुर्च्या जागेवर ठेवाव्यात.’

त्या दिवशी अल्बमचं मुख्य गाणं होतं. हे फसलं तर तिसऱ्याचं नाव काढू नका, असं अल्बम काढणाऱ्या कंपनीने बजावलं होतं. “शब्द उद्या देतो, तूर्त मीही सूचनाच गातो,” असं उदारपणे म्हणून मी हेडफोन चढवले.

काय सांगू! असा गळा मला उभ्या आयुष्यात लागला नव्हता. वरच्या पट्टीत तर अंगावर काटा आला, तोही स्वतःच्याच आवाजाने. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो आणि रेकॉर्डिस्टला म्हणालो, “ऐकवा.”

त्याने ऐकवलं. एक माणूस सूचना वाचत होता. वरच्या पट्टीत त्याला धाप लागली होती.

“हा कोण?”

“तुम्हीच.”

नाचता येईना अंगण वाकडं. मी माइक बदलायला लावला, मग हेडफोन, मग खोली फार गार आहे म्हणालो. आणखी तीनदा गायलो. तिन्ही वेळा कानात गंधर्व आणि बाहेर फरशीवाला.

शेवटी रेकॉर्डिस्टने जीभ चावली. “अहो, ताईंचा गाइड तुमच्या कानात चालूच राहिलाय. माझ्याकडून बंद करायचा राहिला.” आणि त्याने तो एकटा ऐकवला.

‘खुर्च्या जागेवर ठेवाव्यात’ हे धाकटीने असं गायलं होतं की घरातली सगळी माणसं निघून गेलीत आणि खुर्च्या तेवढ्या उरल्यात असं वाटावं. मला रडू आलं. आधी गाण्यामुळे, मग माझ्यामुळे. बँडचा आवाज म्हणून मिरवत होतो. तो गेला तर मी कोण उरत होतो?

“पूस ना तो, दादा,” धाकटी म्हणाली. “मी नुसती जागा धरून ठेवली होती.” ती मनापासून म्हणत होती, हे जास्त लागलं.

“दोन्ही ठेवू,” रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाला. “तुमचा वर, ताईंचा खाली. कुणाला कळणार नाही.”

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. पाचेक मिनिटं मी त्या आयत्या बिळात आरामात बसून पाहिलं. मग बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि लाज वाटली.

“धाकटे, तू गा,” मी म्हणालो. “आणि शब्द हेच.”

“बरं झालं,” दाजी म्हणाले. त्या वर्षातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

ती आत गेली. एकदा गायली, सूर हलला. दुसऱ्यांदा जास्तच हलला. तिने हेडफोन काढले. “नाही जमत. दादाचा आवाज लावा माझ्या कानात.”

“अगं, तो ऐकून आणखी बिघडेल! मघाशी तर एकटीच गायलीस की.”

“मघाशी तू येणार होतास ना. मी लहानपणापासून तुझ्या मागूनच गाते. तू पुढे नसलास की कुठे जायचं तेच कळत नाही.”

माझा धापा टाकणारा आवाज तिच्या कानात सोडला गेला. तिने एका दमात गाणं पुरं केलं.

अल्बम चालला. शोरूममध्ये फरशी निवडताना गिऱ्हाइकं तेच गाणं गुणगुणतात. “यात मीही गायलोय,” मी सांगतो. ती आठवून बघतात, मग म्हणतात, यात तर बाईचाच आवाज आहे. बरोबर आहे त्यांचं. मी गायलो ते फक्त धाकटीला ऐकू गेलं.