पाण्यावर तरंगलेला श्वास

वाशीमच्या कोर्टात डॉक्टरांची साक्ष चालली होती, आणि इंझोरी गावची दाई मेहरबी भिंतीला टेकून उभी होती.

"बालकाचं फुफ्फुस पाण्यात टाकलं, ते तरंगलं," अकोल्याहून आलेले डॉक्टर म्हणाले. "म्हणजे त्यात हवा गेली होती. मूल मेलेलं जन्मलं असतं, तर फुफ्फुस बुडालं असतं."

आरोपीच्या पिंजऱ्यात हिरीबाई होती. नवरा वारल्यावर दिवस गेलेली. पोर मेलेलंच जन्मलं, असं तिचं म्हणणं; ते तिनं शेताच्या बांधाला, धुऱ्याशी पुरलं, कुत्र्यांनी उकरलं. डॉक्टरांचा शब्द टिकला, तर जीव घेतल्याचा आळ खरा ठरून फाशीच. बाळंतपण कुणी केलं, हे मात्र तिनं मार खाऊनही सांगितलं नव्हतं.

मेहरबी पुढं झाली. "साहेब, तो श्वास माहा होता."

साऱ्या कोर्टाच्या माना तिच्याकडं वळल्या.

"लेकरू निळं निघालं जी, थंडगार. आमची रीतच हाय, तोंडाले तोंड लावून फुकाचं. बिस्मिल्ला म्हनून फुकत राह्यले. रडलं नाही, हाललं नाही."

सरकारी वकील हसले. "वा, दाई! डॉक्टर केव्हा झालीस?"

"नाही जी. पन तुमाले बी कोन्या दाईनंच उलटं धरलं असन."

दारातला शिपाईसुद्धा फिसकन हसला. न्यायाधीश मात्र डॉक्टरांकडे वळले. "असं होऊ शकतं?"

डॉक्टरांनी आपला अहवाल पुन्हा चाळला. "होऊ शकतं. हवा गेली, एवढंच पाणी सांगतं. कुणाची, ते नाही. आणि गळ्यावर खूणही नव्हती."

हिरीबाई खुनाच्या आळातून सुटली.

परतीच्या बैलगाडीत मेहरबीचा हात सारखा गालाकडं जात होता. बाळंतपणाच्या दिवशी फुंकता फुंकता तिथं इवलीशी ऊब लागली होती. आपलीच हवा परतली, असं तिनं मनाला बजावलं होतं. पण तेव्हापासून चुलीशी बसो की नमाजाला, गालापाशी कुणी हलकेच श्वास घेई. त्या उबेबद्दल कोर्टात कुणी विचारलं नव्हतं.

"मावशी," हिरीबाई हळूच म्हणाली, "पुरलं तवा त्याच्यात जीव नव्हता न वं?"

खरं काय ते वरच्यालाच ठाऊक. मेहरबीनं डोळे मिटून त्याचं नाव घेतलं.

"नव्हता, माय. माहाच श्वास होता तो."

हिरीबाईनं थकलेलं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं. मेहरबीनं तोंड दुसरीकडं फिरवलं; आपला श्वास या पोरीच्या गालाला लागू नये म्हणून.